ढोंग वाटतंय, तरी उपासनेला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. घणसोलीच्या एक ताई लिहितात की तळोज्याच्या कारखान्यातली नवऱ्याची नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मिळेल ते हंगामी काम, आणि घराचा हप्ता चालूच. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्या अंथरुणावर आहेत. ताई स्वतः रोज नौपाड्यात नोकरीला येतात. मुलगी दहावीला, शिवाय चर्चमध्ये तिचा दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, वर्ग सुरू. प्रार्थना, उपास, घरसभा (घरी जमून केलेल्या प्रार्थना) सगळं करून झालं. एका घरसभेत कोणीतरी सांगितलं, ‘घरात कुठलं तरी पाप लपलेलं असणार, म्हणून उत्तर अडलंय.’ आता प्रार्थनेला बसलं की शब्द येत नाहीत, आणि रविवारी गीत गाताना आपण नाटक करतोय असं वाटतं. शेवटी त्या विचारतात, ‘जाणं बंद केलं तर निदान प्रामाणिक तरी ठरेन ना? की विश्वास टिकवायचा काही मार्ग असतो?’

ताई, जय ख्रिस्त.

मी ३१ वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मोपदेशक, म्हणून काम केलं, त्यातली शेवटची १९ ठाणे आणि नवी मुंबईत. आता निवृत्त आहे, कळव्याला राहतो. उत्तर लांबणार आहे, तेव्हा गाडीत तुकड्यातुकड्याने वाचलंत तरी चालेल.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. एक म्हणजे तुम्हाला आतून काही वाटत नाही. दुसरी म्हणजे, वाटत नसताना जाणं हा खोटेपणा आहे. पहिली मी जशीच्या तशी मान्य करतो. वाटत नाही म्हणजे नाही, त्यावर मी वाद घालणार नाही. दुसरी मला मान्य नाही, आणि हे उत्तर मुख्यतः तिच्याबद्दल आहे. पण आधी ते घरसभेतलं वाक्य बाजूला करू. ते घशात अडकलेलं असताना पुढचं काही उतरायचं नाही.

जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी येशूला नेमका हाच सवाल केला होता: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात आहे, आज रात्री उघडून बघा. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचं तर बायबलमधलं अख्खं पुस्तकच या वाक्याच्या विरोधात उभं आहे. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र शोधून सापडले नसते. मग त्यांनी तोंड उघडलं. ‘काहीतरी केलं असशील’ हे त्यांनी इतक्या परींनी सांगितलं की वाचणाऱ्याला कंटाळा येतो. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, असं सांगतो. ज्या ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शिव्याशाप दिले, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली, तो!

हे मी वरच्या पायरीवर उभं राहून सांगत नाही. पाळकपणाच्या तिसऱ्या वर्षी, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, चार वर्षांचं मूल गेलेल्या घरात बसून मी म्हणालो होतो, ‘यात देवाची काही योजना असेल.’ मुलाचा बाप उठला आणि बैलांना पाणी पाजायला गेला. मी निघेपर्यंत तो गोठ्यातून परत आला नाही. मला तेव्हा वाटलं, दुःखात आहे बिचारा. तो माझं बोलणं टाळून गेला हे कळायला मला पुढची दहाएक वर्षं लागली. घरसभेत जो कोणी बोलला, त्याला त्या शांततेची भीती वाटली असणार. तुमच्या घरात जे चाललंय त्याला कारण सापडलं नाही तर ते त्याच्याही घरात घडू शकतं, हे त्याला सोसवलं नसेल. त्याला माफ करा किंवा करू नका, ते नंतर बघू. वाक्य मात्र परत देऊन टाका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्याबद्दल मला एका परिच्छेदापलीकडे माहिती नाही, म्हणून तीन ठिकाणी मी अडखळतो.

पहिलं, झोप. तुम्ही रात्री सासूबाईंसाठी किती वेळा उठता? एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. रानात झुडपाखाली पडून तो म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला बोधवचन दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पाठवलं. खाऊन तो परत झोपला. दुसऱ्यांदा उठवलं तेही खाण्यासाठीच. ईश्वराशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईचे प्रार्थनेतले शब्द आटले तर मी आधी तिच्या विश्वासाकडे पाहत नाही, तिच्या डोळ्यांखाली पाहतो. आणि नुसती प्रार्थनाच नाही, तर जेवण, मुलगी, टीव्ही, कशातच मन लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर असतात. सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, पैसे लागत नाहीत. आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणून हसण्याची जुनी खोड आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, तितकीच ती थट्टाही जुनी असेल. मी त्याच ठाण्यात पाळक होतो आणि माझ्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, कितीतरी जणांना स्वतः सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलोय. त्यांतल्या एकाचाही बाप्तिस्मा त्यामुळे पुसला गेला नाही.

दुसरं, घर. तुमच्या लिहिण्यात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखादीसाठी सांगून ठेवतो. घरात मारहाण होत असेल तर ‘धीर धर, प्रभू पाहतोय’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. पाळक असला तरी. तो छळ आहे. तो सोसत राहण्याला शास्त्रातला धीर म्हणत नाहीत. आधी सुरक्षित जागी जायचं, विश्वासाचं नंतर बोलायचं.

तिसरं, मंडळी. जिथे दुखावलं गेलात ती घरसभा आणि तुमची रविवारची मंडळी एकच आहे का? एका माणसाच्या तोंडून निघालेलं असेल तर माणूस टाळता येतो. पण व्यासपीठावरूनच दर रविवारी असं ऐकू येत असेल, किंवा ‘इतकी रक्कम पेरा, नवऱ्याला महिन्यात नोकरी लागेल’ असं कोणी सांगत असेल, तर माझं पुढचं सगळं उत्तर दुसऱ्या मंडळीला लागू करा. हप्ता थकलेल्या माणसाकडून चमत्काराची आगाऊ रक्कम घेणाऱ्याला आमच्या गावाकडे जे नाव आहे ते मी इथे लिहीत नाही.

आता मुद्द्यावर. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की संकटाने धीर निर्माण होतो. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे ‘हुपोमोने’. हुपो म्हणजे खाली, आणि मेनो म्हणजे राहणं. ओझ्याखाली राहणं, निघून न जाणं, एवढाच त्याचा साधा अर्थ. त्यात उत्साह नाही, ऊब नाही, डोळ्यांत पाणी येणं नाही. आपल्याकडे मात्र, विशेषतः गेल्या वीस-तीस वर्षांत, विश्वास म्हणजे काहीतरी वाटणं अशी समजूत घट्ट झाली. कीबोर्ड, माइक, हात वर. मला ते संगीत आवडतं, माझा नातूच वाजवतो. पण ज्याला त्या वेळी काही वाटत नाही तो गुपचूप ठरवून टाकतो की आपल्याकडे विश्वासच नाही.

येशूच्या शिष्यांतल्या थोमाकडे बघा. त्याला आपण ‘संशयी’ म्हणून मोकळे झालो. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो खोलीत नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. इथवर सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढे योहान म्हणतो, ‘आठ दिवसांनंतर’ शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. मी या आठ दिवसांवर बरीच वर्षं विचार करत आलोय. दहा माणसं आनंदात आहेत, आणि एकाचा त्यांच्या एका शब्दावर विश्वास नाही. तो उघडपणे तसं म्हणालाय. तरी तो त्याच घरात जेवतो, तिथेच झोपतो. त्याने खोटा होकार दिला नाही, आणि बाहेरही पडला नाही. दहा जणांनीही त्याला ‘आधी मान, मग ये’ म्हटलं नाही. ताई, त्या आठ दिवसांत थोमा ढोंग करत होता असं तुम्ही म्हणाल का?

ढोंगात समोरच्याला फसवायचा हेतू असतो. तुम्ही कोणाला फसवताय? देवाला तर माहीतच आहे. शेजारच्या बाकावरच्या बाईला तुमच्या मनाचा हिशेब द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही. गाण्यातली एखादी ओळ तोंडातून निघत नसेल तर गप्प उभ्या राहा. मीही राहिलोय, तेही व्यासपीठावर.

ते सांगतोच. सत्तेचाळीसाव्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. आम्ही दोघं एका ताटात जेवलेले. त्यानंतर जवळजवळ अकरा महिने मी उपासना चालवली, प्रभुभोजन दिलं, लग्नं लावली, आणि आत काहीही हलत नव्हतं. प्रार्थना पुस्तकातून वाचायचो, कारण मनाने रचायला गेलो तर दुसऱ्या वाक्यावर अडायचो. नाताळच्या तयारीत शेवटी मी आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींना सांगितलं. त्या पूर्वी इस्पितळात आया होत्या. म्हटलं, ‘मावशी, मी जे बोलतो ते मला खरं वाटत नाहीये.’ त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘तुम्ही वाचा. आमेन आम्ही म्हणतोय ना.’

इतकंच. पुढे काही मोठं घडलं नाही. कोणी आकाश उघडलेलं पाहिलं नाही. केव्हातरी फेब्रुवारीत ऐरोलीहून दुचाकीवर येताना मी एक गीत गुणगुणतोय हे माझ्याच लक्षात आलं, आणि मला आठवेना की हे कधीपासून सुरू झालं. मावशींचं ते वाक्य मला पुढे मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सापडलं. पक्षघाती माणसाला चौघे खाटेवर घालून आणतात, गर्दी आहे म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. तिथे लिहिलंय, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाचा त्या वेळी विश्वास होता की नव्हता, मार्क सांगत नाही. तो फक्त खाटेवर पडून राहिला, आणि उचलू दिलं.

उचलू देणं अवघड असतं, विशेषतः जी बाई गेली दोन वर्षं सगळं घर उचलतेय तिला.

ठाण्याचं एक उदाहरण देतो, कारण टिकून राहण्याबद्दल बोलताना आपण नेहमी भलत्याच माणसांकडे बघतो. १३२१ साली याच ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाचे चार धर्मबंधू आपल्या साक्षीमुळे मारले गेले. टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्यांची नावं इतिहासात आहेत, असायलाच हवीत. पण त्यांच्याबरोबर प्रवास करून आलेला एक पाचवा माणूस होता, जॉर्डानस, डॉमिनिकन पंथाचा. ते घडलं तेव्हा तो इथे नव्हता. बातमी ऐकून परतला, सोबत्यांची प्रेतं नेऊन सोपाऱ्याला पुरली, आणि मग या परक्या किनाऱ्यावर काम करत राहिला. त्याची इथून लिहिलेली पत्रं उरली आहेत. त्यांत तो एकटेपणाची आणि दुखण्यांची तक्रार करतो, मदतीला माणसं पाठवा म्हणून विनवतो. १३२९ मध्ये त्याला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं. तरुणपणी मी प्रवचनात चौघांबद्दल बोलायचो. आता मला पाचवा जवळचा वाटतो. चौघांची परीक्षा थोडक्या दिवसांत संपली. याला दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचं होतं. तुम्हालाही रोज सकाळी उठायचं असतं, सासूबाईंची कूस बदलायची असते, आणि ८-१५ ची गाडी गाठायची असते.

आपल्या मराठी मंडळीतही असं एक उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य लिहायला घेतलं आणि १९१९ साली ते गेले. काम अर्धंही झालं नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांनी ते पुढे नेलं. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा याच बाईचा संसार मोडला होता, कित्येक वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, आणि स्वतःच्या पायाने, स्वतःच्या गतीने १९०० साली ख्रिस्ताकडे आल्या. पंडिता रमाबाईंचं तर विचारूच नका. दुष्काळात आईबाप गेले, मग भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. त्या वेळी केडगावात रमाबाईंचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं. मुलीनंतर वर्षभराच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाईही गेल्या. तोवर ते काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. मी ही नावं तुम्हाला लाजवायला सांगत नाही. या तिघांना रोज देवाची ऊब जाणवत होती असं कोणी म्हणत असेल तर त्याने त्यांचं लिखाण वाचलेलं नाही. लक्ष्मीबाई तर देवाशीही तिरकस बोलायच्या, असं त्या वाचताना वाटतं.

इथवर जे म्हटलं ते एकत्र धरून ठेवा: लपलेल्या पापाचं वाक्य परत द्यायचं, शरीराकडे आधी बघायचं, काही न वाटणं म्हणजे ढोंग नव्हे, आणि काही काळ दुसऱ्यांचा आमेन उसना घेता येतो. आता हे घणसोलीत, मंगळवारी, कसं करायचं?

प्रार्थनेत शब्द येत नाहीत म्हणता. मग रचू नका. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली तिसरा हिस्सा तरी तक्रारीचीच आहेत. आपण मात्र २३ आणि ९१ पाठ करून बसतो. १३वं घ्या. सहा ओव्या. सुरुवातीलाच ‘कोठवर’ हा सवाल चारदा येतो. घणसोलीला गाडीत बसलात की रबाळ्यापर्यंत एकदा, हळू, ओठ न हलवता वाचून होतं. रोज तेच, महिनाभर. शेवटच्या दोन ओव्यांत स्तोत्रकर्ता गायला लागतो. त्या वाचवल्या नाहीत तर चौथीवर थांबा. ज्या दिवशी १३वंही जास्त आशावादी वाटेल त्या दिवशी ८८वं उघडा. ते अंधारात सुरू होतं आणि शेवटचा शब्दही अंधाराचाच आहे. कोणीतरी ते शास्त्रात ठेवलं, काढून टाकलं नाही. मला यात नेहमी मोठा दिलासा वाटत आलाय.

गाडीत ते जमत नसेल तर ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक घ्या, टिळकांचा एखादा अभंग, मनातल्या मनात. अभंगाची चाल आपल्या अंगात आजीपासून आलेली असते. मन नाही म्हणालं तरी पाय ठेका धरतो.

रविवारचं असं करा. मागच्या बाकावर बसा, दाराजवळ. उशिरा आलात तरी चालेल. उपासनेनंतरच्या ‘काय ताई, नोकरीचं काही झालं का?’ मधून सुटायचं असेल तर शेवटच्या गीताला निघा. कोणी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलं तर हात जोडून नाही म्हणा. साक्ष ही भाकरीसारखी असते, आतून भाजून निघाली तरच द्यावी, आणि तुमची अजून तव्यावर आहे. पण प्रभुभोजन चुकवू नका. भाकर आणि प्याला घ्यायला कसलाही मूड लागत नाही. हात पुढे करायचा, एवढंच. पुष्कळ जण ‘माझं मन तयार नाही’ म्हणून नेमकं तेच टाळतात. भूक नाही म्हणून जेवण टाळत राहिलं की भूक आणखी मरते, तसं होतं.

एका माणसाला खरं सांगा. सगळ्या महिला मंडळाला नाही, एकीला. तुमच्यापेक्षा वयाने मोठी, कमी बोलणारी, शक्यतो जिने स्वतः काहीतरी सोसलंय अशी. तिला म्हणा, ‘मला प्रार्थना होत नाही, माझ्या वाटची तुम्ही करा, आणि मला उपदेश करू नका.’ माझ्या अनुभवात अशी बाई प्रत्येक मंडळीत असते, आणि बहुतेकदा ती कोणत्याही समितीवर नसते. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही तिघांना सोबत नेलं होतं. ते झोपले हा भाग वेगळा.

मिस्टरांबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही. दोन वर्षं कायम कामाशिवाय असलेला पुरुष उपासनेला येतो तेव्हा त्याला प्रत्येक हस्तांदोलनात ‘सध्या काय करता?’ ऐकू येतं. येत नसतील तर त्यांना ओढू नका. आमच्या वाशीच्या मंडळीत, शाळेच्या हॉलमध्ये उपासना व्हायची तेव्हा, अशा एका गृहस्थांना मी खुर्च्या मांडायला लवकर बोलवायचो. खरं तर खुर्च्या मांडायला मुलं होती. ते तीन वर्षं येत राहिले. विश्वासाबद्दल आम्ही दोनदाच बोललो असू.

मुलीचं दृढीकरण. तुम्हाला वाटत असेल, आपल्याच मनात असं असताना तिला काय सांगायचं. ती दहावीला आहे, तिला घरातलं सगळं दिसतं. तिने विचारलं तर ‘सध्या मला अवघड जातंय, पण मी जातेय’ एवढं सांगा. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा हे तिच्या जास्त काळ लक्षात राहील.

आणि आता तुमचा नेमका सवाल, जाणं बंद करू का. वसईकडचे एक कॅथलिक धर्मगुरू माझे मित्र होते. त्यांनी मला जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा एक नियम सांगितला होता, सोळाव्या शतकातला: मन कोरडं पडलेलं असताना, आधी उजेडात घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मी प्रॉटेस्टंट, पण हा नियम मी बिनदिक्कत उचलला आणि शेकडो लोकांना दिला. दोन-चार रविवार थकून घरी झोपलात तर जग बुडत नाही, त्याला मी पापही म्हणणार नाही. पण ‘मी सोडलं’ हा निर्णय आत्ता घेऊ नका. झोप पुरी होऊ द्या, घराची घडी थोडी बसू द्या, मग हवा तर घ्या. पूर्वी यासाठी मी प्रवचनात खाडीचा दाखला द्यायचो: ओहोटीला होडी चिखलात बसते म्हणून कोळी होडी विकत नाही, भरतीची वाट बघतो. एकदा चेंदणी कोळीवाड्यातले एक काका उपासनेनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘पाळकसाहेब, खाडी इतकी गाळाने भरलीये की आता भरतीलाही होडी हलत नाही.’ तेव्हापासून तो दाखला मी बंद केला. कारण काकांचं खरं होतं. कधीकधी भरती येऊनही होडी हलत नाही, आणि गाळ उपसायला माणसं लागतात.

म्हणून मी तुम्हाला हमी देत नाही. ज्यांना मी हेच सगळं सांगितलं त्यांतले बरेच जण टिकले. काही गेले. एक जण बारा वर्षांनी परत आला, मागच्या बाकावर बसला, आणि मी काही विचारलं नाही. एक मुलगी अजून आलेली नाही. तिच्यासाठी मी रोज सकाळी, चहा उकळेपर्यंत, नाव घेतो. आजपासून घणसोलीच्या ताई म्हणून तुमचंही घेईन. नाव कळवायची गरज नाही.

एक काम मात्र या आठवड्यात करा, स्तोत्राच्याही आधी. मंडळीच्या सेक्रेटरींना किंवा त्या कमी बोलणाऱ्या बाईंना फोन करून विचारा की रविवारी सकाळी दोन तास सासूबाईंजवळ कोणी बसेल का. मदतीसाठी दोन नावं मिळाली तर पाळीपाळीने होईल. पहिल्या रविवारी ते दोन तास उपासनेला वापरू नका. दार लावून झोपा.